जुन्या मिनी ट्रॅक्टरला हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग : बसवण्याआधी काय तपासायचं, काय मागायचं आणि कुठं थांबायचं

थोडक्यात

- स्टीअरिंग जड असण्याचं कारण बऱ्याचदा किंगपिन, बुश, टायरची हवा किंवा पुढचं वजन असतं. ते आधी दुरुस्त करा.
- जुना स्टीअरिंग बॉक्स ठेवून नुसता जोर देणारी पद्धत आणि बॉक्स काढून फक्त ऑईलवर चालणारी पद्धत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- ऑईल आधी स्टीअरिंगला मिळालं पाहिजे, मग लिफ्टला.
- स्टीअरिंगच्या आर्मवर वेल्डिंग करू देऊ नका.
- इंजिन बंद पडल्यावर ट्रॅक्टर वळतो का, हे रानात नेण्याआधी सपाट जागेवर बघा.

---

द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे हात सरळ ओळीत दुखत नाहीत, बांधाला वळवताना दुखतात. एक एकराचा चौरस तुकडा धरला तर त्याची बाजू साधारण 208 फूट येते. नऊ फुटांवर ओळी असतील तर 23 ओळी, म्हणजे एका फवारणीला 22 वळणं. पाच एकरांची बाग असेल तर एका दिवसात शंभरावर वळणं झाली. प्रत्येक वळणात स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला आणि परत सरळ. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या लागोपाठ सुरू झाल्या की हेच काम एक-दोन दिवसांआड करावं लागतं.

निफाड, दिंडोरी, चांदवड भागात 18 ते 25 एचपीचे बरेच जुने ट्रॅक्टर आजही चांगल्या इंजिनावर चालू आहेत. त्यातल्या अनेकांना साधं मेकॅनिकल स्टीअरिंग आहे. नव्या मिनी ट्रॅक्टरांत पॉवर स्टीअरिंग मिळतं, पण इंजिन ठणठणीत असताना फक्त स्टीअरिंगसाठी ट्रॅक्टर बदलणं प्रत्येकाला परवडत नाही. मुलं नोकरीला बाहेर, ड्रायव्हर मिळत नाही आणि पन्नाशी-साठीतला माणूस स्वतः ब्लोअर ओढतोय, अशा घरात हा प्रश्न आरामाचा उरत नाही. बाग स्वतःच्या हातानं करता येईल की नाही, इथपर्यंत तो येतो.

जुन्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक स्टीअरिंग बसवता येतं. मात्र काम चुकलं तर त्रास फक्त पैशांचा नसतो. बांधाला लागून विहीर किंवा शेततळं असेल, तर तिथं वळताना स्टीअरिंगनं साथ सोडणं किती महागात पडेल हे सांगायला नको.

## आधी जॅक लावा

खर्चाचा विचार करण्याआधी पंधरा मिनिटांची एक तपासणी घरीच करता येते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकवर उचला आणि खाली पक्का ठोकळा द्या. आता स्टीअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवा.

चाकं हवेत असतानाही स्टीअरिंग जड असेल, तर दोष यंत्रणेत आहे. किंगपिनला ग्रीस पोचत नसेल, किंगपिनचं थ्रस्ट बेअरिंग घासलं असेल, स्टीअरिंग बॉक्समध्ये ऑईल नसेल किंवा बॉक्स जास्त कसला गेला असेल. अशा ट्रॅक्टरवर पॉवर स्टीअरिंग बसवलं तर दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल, तर भार आणि टायर बघा. पुढच्या टायरची हवा कमी असेल तर रबर जमिनीला जास्त चिकटतं आणि स्टीअरिंग जड होतं. हवा किती हवी हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेवढी गेज लावून भरा. टो-इन बिघडलं असेल तरी स्टीअरिंग ओढतं आणि टायर एका कडेनं झिजतात.

पुढची वजनं हे आणखी एक कारण. ट्रॅक्टरवर बसणाऱ्या ब्लोअरची टाकी भरली की पुढचं तोंड हलकं होतं, म्हणून पुढं वजनं लावतात. टाकी रिकामी झाली किंवा ब्लोअर उतरवला की तीच वजनं स्टीअरिंगवर येतात. ब्लोअर नसताना वजनं काढून ठेवायची सवय लावली तरी बराच फरक पडतो.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर कडक जमिनीवर आणि रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह सोडा. तो गुंतलेला असताना लहान वळण घेतलं की स्टीअरिंग जड लागणारच, आणि गिअरवरही ताण येतो.

शेवटी प्ले बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 98 नुसार स्टीअरिंगमधली ढिलाई 30 अंशांपेक्षा जास्त नसावी. स्टीअरिंग व्हीलचा व्यास 40 सेंटिमीटर असेल तर 30 अंश म्हणजे कडेवर सुमारे साडेदहा सेंटिमीटर, साधारण चार इंच. व्हीलच्या कडेला खडूनं खूण करा. पुढची चाकं न हलता ती खूण चार इंचांपेक्षा जास्त सरकत असेल तर आधी टायरॉडची टोकं, ड्रॅग लिंक आणि बॉक्स दुरुस्त करा.

एवढं केल्यावर काहींचं काम तिथंच भागतं. तरीही हात भरून येत असतील तर पुढं जायचं.

## तीन मार्ग

1. कंपनीचेच भाग. त्याच मॉडेलमध्ये नंतर पॉवर स्टीअरिंगचा प्रकार निघाला असेल तर त्याचा पंप, कॉलम, सिलिंडर आणि गरज पडल्यास पुढचा एक्सल मिळतो का, हे डीलरकडे पार्ट नंबर काढून विचारा. भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरचा पूर्ण संच मिळाला तरी चालतो, पण सील आणि होज नवीनच टाका. माप, ब्रॅकेट आणि जोर यांचा हिशोब कंपनीनं आधीच केलेला असतो, म्हणून हा मार्ग सगळ्यांत बिनधोक.

2. बॉक्स ठेवून जोर देणारी पद्धत. जुना स्टीअरिंग बॉक्स आणि रॉड तसेच राहतात. सोबत वॉल्व्ह असलेला सिलिंडर बसतो आणि तो रॉडला ढकलायला मदत करतो. ऑईल संपलं किंवा पट्टा तुटला तरी हात आणि चाक यांच्यातला लोखंडी दुवा कायम असतो. स्टीअरिंग पहिल्यासारखं जड होतं, पण वळतं. रस्त्यावर ट्रॉली ओढणाऱ्यानं या पद्धतीचा आधी विचार करावा.

3. पूर्ण हायड्रॉलिक. जुना बॉक्स निघतो. स्टीअरिंगच्या दांड्याखाली ऑर्बिटल युनिट बसतं आणि तिथून दोन होज सिलिंडरला जातात. हात आणि चाक यांच्यात फक्त ऑईल असतं. स्टीअरिंग सगळ्यांत हलकं याच पद्धतीत होतं आणि आपल्याकडची बरीच गॅरेज हेच काम करतात. चूक झाली तर धोकाही इथंच जास्त. पुढची माहिती मुख्यतः या पद्धतीची आहे.

## कोणते भाग लागतात

पंप. इंजिनावर चालणारा गिअर पंप. ऑईलला दाब इथून मिळतो.

ऑर्बिटल युनिट. स्टीअरिंग जेवढं फिरवाल तेवढंच मोजून ऑईल हे युनिट सिलिंडरला देतं. 63 सीसीचं युनिट म्हणजे स्टीअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्याला 63 सीसी ऑईल. त्याला चार तोंडं असतात : पी म्हणजे पंपाकडून येणारं, टी म्हणजे टाकीकडे जाणारं, एल आणि आर म्हणजे डावं-उजवं. लहान ट्रॅक्टरवर साध्या गिअर पंपासोबत ओपन सेंटर प्रकारचं युनिट लागतं. त्यात स्टीअरिंग फिरवत नसताना ऑईल सरळ टाकीत परत जातं. दुकानात फक्त सीसी सांगून भागत नाही, ओपन सेंटर हेही सांगावं लागतं.

सिलिंडर. पुढच्या एक्सलवर बसतो आणि स्टीअरिंग आर्मला ढकलतो-ओढतो.

टाकी, फिल्टर, होज, रिलीफ वॉल्व्ह. टाकी पंपापेक्षा उंचावर असावी. परत येणारं ऑईल टाकीतल्या ऑईलच्या पातळीखाली सोडावं, वरून पडलं तर फेस होतो. रिलीफ वॉल्व्ह ठरलेल्या दाबाच्या वर ऑईल सोडून देतो. काही युनिटमध्ये तो आतच असतो, काहींत बाहेर लावावा लागतो. रिलीफ वॉल्व्ह नसलेली जोडणी कुणी करून देत असेल तर ते काम घेऊ नका.

## माप कसं काढायचं

इथं अंदाजानं भाग घेतले की पुढं पस्तावायची वेळ येते. हिशोब सोपा आहे, वहीत करता येतो.

समजा सिलिंडरचा बोअर 40 मिलिमीटर, दांडा 20 मिलिमीटर आणि स्ट्रोक 180 मिलिमीटर आहे.

- पूर्ण बाजूचं क्षेत्रफळ 12.57 चौरस सेंटिमीटर. 18 सेंटिमीटर स्ट्रोकनं गुणलं की 226 सीसी.
- दांड्याच्या बाजूचं क्षेत्रफळ 9.42 चौरस सेंटिमीटर. तिथं 170 सीसी.
- 63 सीसीचं युनिट लावलं तर एका बाजूला 3.6 फेरे, दुसऱ्या बाजूला 2.7 फेरे.
- 50 सीसीचं लावलं तर 4.5 आणि 3.4 फेरे.

म्हणजे एका बाजूनं दांडा असलेल्या सिलिंडरवर डावीकडे आणि उजवीकडे वळायला वेगवेगळे फेरे लागतात. ही बिघाडाची खूण नाही, पण बागेत रोज त्रास देते. दोन्ही बाजूंनी दांडा असलेला सिलिंडर घेतला तर दोन्हीकडे सारखेच फेरे लागतात. त्याच मापात 50 सीसीच्या युनिटवर ते 3.4 येतात.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन ते साडेचार फेरे असावेत. याहून कमी असतील तर रस्त्यावर ट्रॅक्टर जरा हात लागला तरी डोलतो. जास्त असतील तर बांधाला वळताना फिरवतच बसावं लागतं.

जोर किती? 80 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला वरच्या सिलिंडरची पूर्ण बाजू सुमारे 1,000 किलोचा जोर लावते आणि दांड्याची बाजू सुमारे 750 किलोचा. हातानं कधीच न लागलेला एवढा जोर जुन्या आर्मवर, टायरॉडवर आणि किंगपिनवर येणार आहे. म्हणून मोठा सिलिंडर घालून स्टीअरिंग जास्त हलकं होईल हा हिशोब चुकीचा आहे. दाब कमी ठेवून सुरुवात करायची आणि ब्लोअरसकट ट्रॅक्टर संथ चालत असताना स्टीअरिंग सहज वळेल इतकाच वाढवायचा.

पंप किती मोठा? स्टीअरिंग भरभर फिरवलं तर मिनिटाला 60 फेरे होतात. 63 सीसी गुणिले 60, म्हणजे मिनिटाला सुमारे 3.8 लिटर ऑईल हवं. 6 सीसीचा पंप 800 आरपीएमला 4.8 लिटर देतो. गळतीचं नुकसान वजा केलं तरी पुरतं. तोच पंप 2,400 आरपीएमला 14.4 लिटर देतो. याहून मोठा पंप लावला तर जास्तीचं ऑईल फुकट फिरतं आणि तापतं.

पंप इंजिनाची ताकदही खातो. 14.4 लिटर ऑईल 80 किलो दाबाला ढकलायला, पंपातलं नुकसान धरून, सुमारे तीन एचपी लागतात. स्टीअरिंग सरळ असताना हा भार अगदी कमी असतो. पण 18 एचपीच्या ट्रॅक्टरवर पीटीओनं ब्लोअर चालू असताना तीन एचपी कमी होणं कळून येतं. म्हणून पंप गरजेपुरताच घ्यावा.

## ऑईल कुठून घ्यायचं

लिफ्टचा पंप आहेच, त्यातूनच ऑईल घेऊ, असं गॅरेजमध्ये सहज सांगितलं जातं. तिथं दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, लिफ्टचा पंप कशावर चालतो. फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत तो मागच्या हाऊसिंगमध्ये पीटीओच्या शाफ्टवर असतो. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की पंप थांबतो. म्हणजे वळताना क्लच दाबला आणि नेमकं तेव्हाच स्टीअरिंग गेलं. अशा पंपातून स्टीअरिंगला ऑईल घेऊ नये. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप इंजिनावर थेट चालतो की नाही, याची सोपी खूण आहे. ट्रॅक्टर उभा करून क्लच पूर्ण दाबा आणि लिफ्ट उचलून बघा. उचलली नाही तर पंप क्लचच्या मागं आहे.

दुसरी, पंप इंजिनावर थेट चालत असला तरी ऑईल आधी कुणाला मिळतं. लिफ्ट उचलत असताना स्टीअरिंगचं ऑईल तुटायला नको. त्यासाठी प्रायॉरिटी वॉल्व्ह लागतो. तो स्टीअरिंगला ठरलेलं ऑईल आधी देतो आणि उरलेलं लिफ्टला सोडतो. ओळीतून बाहेर येताना लिफ्ट उचलणं आणि वळणं ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात, त्यामुळं या वॉल्व्हवर पैसे वाचवू नयेत.

वेगळा पंप लावायचा असेल तर जागा दोनच. काही इंजिनांच्या टायमिंग कव्हरवर पंपासाठी जागा ठेवून वर पत्र्याचं झाकण लावलेलं असतं. तिथं पंप बसत असेल तर उत्तम. नाहीतर क्रँक पुलीवरून पट्टा घ्यावा लागतो. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट पट्ट्याचा आडवा ओढ सहन करायला बनवलेला नसतो. पुलीला वेगळं बेअरिंग देऊन मग कपलिंगनं पंप जोडावा लागतो. थेट पंपाच्या शाफ्टवर पुली ठोकली तर आधी सील गळतं, मग पंप जातो. पंप कोणत्या दिशेनं फिरणारा आहे हेही घेताना बघा. उलट्या दिशेचा पंप लावला तर ऑईल चढत नाही आणि सील फुटतं.

## बसवताना कुठं लक्ष ठेवायचं

सिलिंडर एक्सलवरच बांधा, चासीवर नको. पुढचा एक्सल मधल्या पिनवर खाली-वर झुलतो. सिलिंडरचं एक टोक चासीला आणि दुसरं आर्मला असेल तर चाक दगडावर किंवा सरीवर चढलं की ट्रॅक्टर आपोआप वळतो.

आर्म आणि सिलिंडर एका रेषेत येऊ देऊ नका. पूर्ण वळवल्यावर दोन्ही सरळ रेषेत आले तर तिथंच अडकतात आणि परत फिरत नाहीत. पंप जोडण्याआधी चाकं हातानं दोन्ही टोकांना नेऊन बघा. कुठंही दांडा तिरका दबता कामा नये.

आर्मवर वेल्डिंग नाही. स्टीअरिंगचा आर्म घडीव लोखंडाचा असतो. तापवला किंवा त्यावर झाल मारली की त्याचा कस जातो आणि तो वाकण्याआधी तुटू शकतो. ब्रॅकेट बोल्टनं बांधावा किंवा लेथवाल्याकडून योग्य लोखंडाचा नवीन आर्म करून घ्यावा. बोल्टना कॉटर पिन किंवा लॉक नट हवाच. ट्रॅक्टरवर इतर ठिकाणी वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा.

होज. दाबाच्या बाजूला तारेची जाळी असलेला हायड्रॉलिक होज आणि मशिनवर दाबून बसवलेली टोकं लागतात. क्लिप लावलेला साधा पाईप इथं चालत नाही. पंपाला ऑईल देणारा पाईप जाड, आखूड आणि आतून न चिपकणारा असावा. होज सायलेन्सरपासून लांब न्या. एक्सल पूर्ण झुललेला आणि चाक पूर्ण वळलेलं असतानाही होजला ताण पडायला नको.

ऑईल. 46 किंवा 68 ग्रेडचं हायड्रॉलिक ऑईल. कोणतं हे युनिटच्या कागदावर दिलेलं असतं. उन्हाळ्यात दिवसभर चालणाऱ्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा 68 घालतात. ऑईल लिफ्टसोबत एकच असेल तर ट्रॅक्टर कंपनीनं सांगितलेलंच वापरा. स्वच्छतेला तडजोड नाही, होजमध्ये राहिलेला लेथचा किस नवं युनिट एका दिवसात खराब करतो.

## हवा काढणं आणि चाचणी

1. पुढचा एक्सल ठोकळ्यावर घ्या. टाकी भरा.
2. इंजिन अगदी कमी आरपीएमवर चालू करा. स्टीअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आठ-दहा वेळा न्या. टोकाला दाबून धरू नका.
3. डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे गेली तर एल आणि आर उलटे जोडलेत. इंजिन बंद करून बदला.
4. टाकीत फेस आला तर थांबा. ऑईल शांत झाल्यावर पातळी बघा, कमी असेल तर भरा.
5. गळती बघायला हात फिरवू नका. दाबाखालची ऑईलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी आतून मोठं नुकसान होतं आणि लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा.
6. प्रेशर गेज लावून रिलीफ वॉल्व्हचा दाब बघा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या.
7. आता चाकं खाली. इंजिन कमी आरपीएमवर असताना लिफ्ट उचलत उचलत स्टीअरिंग फिरवा. अडखळलं तर ऑईलची वाटणी चुकली आहे.
8. शेवटची आणि महत्त्वाची चाचणी. मोकळ्या, सपाट जागी ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये चालवा, इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि स्टीअरिंग फिरवा. ऑर्बिटल युनिट अशा वेळी हातपंपासारखं काम करतं. जड लागेल, पण चाकं वळलीच पाहिजेत. वळत नसतील तर ट्रॅक्टर ताब्यात घेऊ नका.

## पुढं येणाऱ्या तक्रारी

- कमी आरपीएमला जड, वाढवल्यावर हलकं : पट्टा घसरतोय किंवा पंप झिजलाय.
- धक्के देत वळतं, टाकीत फेस : पंपाकडे जाणाऱ्या पाईपातून हवा आत येतेय.
- पंपाची खरखर : ऑईल कमी, पाईप चिपकलेला किंवा गाळणी तुंबलेली.
- ऑईल फार तापतं : चालक स्टीअरिंग टोकाला दाबून धरतोय, किंवा रिलीफ वॉल्व्ह सतत उघडा राहतोय.
- एकाच बाजूला जड : सिलिंडरचं सील बघा. एका दांड्याच्या सिलिंडरवर थोडा फरक राहणारच.
- रस्त्यावर ट्रॅक्टर डोलतो : किंगपिन, टायरॉड आणि सिलिंडरच्या पिना बघा.
- सरळ चालताना स्टीअरिंगचा दट्ट्या रोज वेगळ्या जागी : पूर्ण हायड्रॉलिकमध्ये हे होतंच, बिघाड नाही.

पॉवर स्टीअरिंग आल्यावर हाताला झीज कळत नाही. आधी बुश गेलं की स्टीअरिंग सांगायचं, आता सांगत नाही. म्हणून किंगपिनचं ग्रीसिंग पहिल्यापेक्षा लवकर करा आणि महिन्यातून एकदा जॅक लावून चाक हलवून बघा. हलकं झालं म्हणून उभ्या ट्रॅक्टरची चाकं जागेवर फिरवायची सवय लागते. तिनं टायर आणि आर्म दोन्ही लवकर जातात. ट्रॅक्टर जरा सरकू द्यायचा आणि मग वळवायचा.

## आरटीओ आणि विमा

ट्रॅक्टर बाजार समितीत, रस्त्यावर जातो, म्हणून कागदाचा विचार आधी करावा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. तुमच्या कामानं तसा बदल होतो का, हे काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. कंपनीच्याच मॉडेलचे मूळ भाग बसवले असतील तर त्यांची बिलं आणि पार्ट नंबर जपून ठेवा. उद्या अपघात झाला तर स्टीअरिंगवरच पहिला प्रश्न येतो.

## कोटेशन कसं मागायचं

ठोक रकमेवर काम देऊ नका. पंप, पंपाचा ब्रॅकेट आणि बेअरिंग, ऑर्बिटल युनिट, सिलिंडर, प्रायॉरिटी वॉल्व्ह, टाकी-फिल्टर, होज, लेथकाम, ऑईल आणि मजुरी, असा एकेक आकडा वेगळा लिहून घ्या. सोबत युनिट किती सीसीचं, सिलिंडर कोणत्या मापाचा, रिलीफ दाब किती ठेवणार आणि गळती निघाली तर किती दिवस दुरुस्ती मोफत, हेही लिहून घ्या. ज्याला फेऱ्यांचा हिशोब विचारल्यावर सांगता येत नाही, त्याच्याकडे स्टीअरिंग सोपवू नये. त्यानं आधी केलेला एखादा ट्रॅक्टर, निदान एक हंगाम चाललेला, स्वतः चालवून बघा.

एकूण खर्चात जुनी झीज काढण्याचा खर्चही धरा. मग हा ट्रॅक्टर देऊन पॉवर स्टीअरिंगवाला सेकंडहँड घेतला तर वर किती भरावे लागतील, तो आकडा शेजारी लिहा. दोन्ही जवळपास येत असतील तर ट्रॅक्टर बदललेला बरा. इंजिन धूर मारतंय, गिअर सुटतोय अशा ट्रॅक्टरवर हा खर्च करू नये.

## नेहमीचे प्रश्न

स्टीअरिंगचं व्हील मोठं लावलं तर? व्हील मोठं केलं की हात थोडा हलका लागतो, पण बॉक्समधली आणि किंगपिनमधली झीज तशीच राहते. बॉक्स चांगला असेल तर कमी खर्चात करून बघण्यासारखी गोष्ट आहे.

ट्रकचा किंवा कारचा पॉवर स्टीअरिंग पंप चालतो का? त्याचा दाब आणि लिटर किती हे माहीत असल्याशिवाय नाही. अनेक पंपांना त्यांचं स्वतःचं ऑईल लागतं. नुसता बसतोय म्हणून लावू नये.

काम कधी काढावं? खुडा संपल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी किंवा लगेच नंतर. ऑक्टोबर छाटणी तोंडावर असताना ट्रॅक्टर गॅरेजला गेला आणि एखादा भाग अडकला, तर फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर जाते आणि गॅरेजवाल्याचीही घाई होते. स्टीअरिंगचं काम घाईत उरकू नये.

ताब्यात घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं? रोज सकाळी टाकीतली पातळी बघा, होजच्या टोकांना ओल आली का बघा, ब्रॅकेटचे बोल्ट पान्यानं तपासा. पहिले काही दिवस रिकाम्या ट्रॅक्टरवर मोकळ्या रानात चालवून हात बसवा. नवं स्टीअरिंग इतकं हलकं असतं की सुरुवातीला जास्त वळवलं जातं आणि पहिला धक्का द्राक्षाच्या खांबाला बसतो. विहिरीच्या आणि शेततळ्याच्या बाजूच्या ओळी सगळ्यांत शेवटी घ्या.